कंसातली मान

बाबांनी मान डोलावली आणि नर्सने ती लिहून घेतली. एवढंच झालं. मंगळवारची सकाळ, साडेदहाची वेळ, हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावरची दोन खाटांची खोली, त्यातली एक रिकामी. डॉक्टर कुवाबारा खाटेच्या कठड्यावर वाकून चढ्या आवाजात म्हणाले होते, "आजोबा, घशातून आता काही खाली उतरत नाही ना? म्हणून पोटाला एक छोटंसं भोक पाडायचं, त्यात नळी बसवायची आणि नळीतून जेवण द्यायचं, असं आम्ही म्हणतोय. बसवू या?" आणि बाबांची मान, उशीवर जेवढी हलू शकत होती तेवढी, खाली-वर झाली. दोनदा. माझा धाकटा भाऊ कोहेई पलीकडच्या बाजूला उभा होता. त्याने इतका मोठा श्वास सोडला की डॉक्टरांनी वळून पाहिलं. "हो म्हणाले," तो म्हणाला. "ताई, बघितलंस ना? हो म्हणाले." नर्सने तोवर हातातल्या पडद्यावर लिहूनही टाकलं होतं. मी तिच्या शेजारीच होते, वाकून वाचलं. 'मान डोलावली; संमती.' मधला तो अर्धविराम तिने कुठून आणला ते मला कळेना. बाबा काही म्हणाले नव्हते. सात आठवड्यांपूर्वी सकाळी दात घासताना त्यांच्या मेंदूतली एक शीर बंद झाली, उजवं अंग गेलं, वाचा गेली, आणि तेव्हापासून ह्या खोलीत त्यांच्या तोंडून एकही शब्द निघाला नव्हता. फक्त मान शिल्लक होती. ती ते सगळ्यांना देत होते, पंखा पुसायला येणाऱ्या बाईलासुद्धा.

मी छत्तीस वर्षं कोर्टात लघुलेखक होते. न्यायाधीशांच्या उंच बाकाखाली, साक्षीदाराच्या समोर, तिपाईवर यंत्र ठेवून बसायचं आणि जे बोललं जाईल ते उतरवायचं. यंत्राला मोजक्या कळा. त्यातून अरुंद कागदाची पट्टी सरकत बाहेर येते आणि तिच्यावरच्या खुणा आमच्याशिवाय कोणाला वाचता येत नाहीत. आता नवी माणसं घेणं केव्हाच बंद झालंय, टेप लावतात. पण टेपला मान दिसत नाही. आम्हाला दिसायची. साक्षीदाराने नुसतीच मान हलवली तर वकील म्हणायचे, तोंडाने उत्तर द्या. मग माणूस दचकून 'हो' म्हणायचा आणि ते 'हो' कागदावर यायचं. कोणीच काही म्हणालं नाही तर आम्ही कंस करायचा आणि त्यात लिहायचं, मान डोलावली. गप्प राहिला तर टिंबं. कुठली मान लिहायची आणि कुठली सोडायची ह्याचा नियम कुठे छापलेला नव्हता. मला तो इगुचीबाईंनी शिकवला. त्या माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या, दर दहा मिनिटांनी आम्ही एकमेकींची जागा घ्यायचो. "प्रश्न संपल्यावर हलते ती मान म्हणजे उत्तर," त्या म्हणायच्या. "प्रश्न चालू असताना हलते ती मान म्हणजे काही नाही. ती नुसती ऐकतेय. तीही लिहायला लागलीस तर कागदभर मानाच होतील गं." आम्ही दोघी खूप हसलो होतो. समोरचा बोलत असला की वाक्यावाक्याला मान हलवायची ही आमच्याकडची रीतच आहे. न हलवणाऱ्याला लोक विचारतात, बरं नाही का?

त्यामुळे त्या अर्धविरामाने मला टोचलं आणि मी जे केलं ते केलं. डॉक्टर दाराकडे वळले होते. मी म्हटलं, "डॉक्टर, एक मिनिट," आणि बाबांवर वाकून, डॉक्टरांच्याच आवाजात, त्यांच्याच चालीत विचारलं, "बाबा, पोटाला भोक पाडून नळी बसवायची, त्यातून जेवण द्यायचं, असलं काही करायचं नाही असं आम्ही म्हणतोय. नको ना बसवायला?" बाबांची मान खाली-वर झाली. दोनदा. नर्सचं बोट पडद्यावर तसंच राहिलं. मग कोहेई म्हणाला, "हे काय चाललंय, ताई? बाबांना पिंजऱ्यात उभं केलंस का? उलटतपासणी घेतेस?" त्याचे कान लाल झाले होते, लहानपणी रडू यायच्या आधी व्हायचे तसे. डॉक्टर कुवाबारा तरुण आहेत, सभ्य आहेत. ते म्हणाले, "किती समजतंय हे खरंच सांगता येत नाही. काही वेळा पूर्ण समजतं. पण हाताच्या शिरा आता साथ देत नाहीत, सलाईनवर फार दिवस काढता येणार नाहीत. तुम्ही दोघं बोला. शुक्रवारी सांगा. मिसाओ-सान, तुम्ही त्यांच्याजवळ राहता, तेव्हा अर्जावर तुमचीच सही लागेल. 'रुग्णाची इच्छा कशी समजली' असा एक रकाना आहे त्यात." आणि नळी नाही बसवली तर? कोहेईनेच विचारलं. "दोन आठवडे. तीन," डॉक्टर म्हणाले, आणि ते सांगताना त्यांची मानही हलत होती.

बाबा न्हावी होते. तोकुजी त्यांचं नाव, ताकामात्सुतल्या छप्पर घातलेल्या बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत दुकान, दोन खुर्च्या, त्यातली एक बहुतेक रिकामी. एकसष्ट वर्षं ते लोकांच्या डोक्यामागे उभे राहिले आणि आरशातून त्यांच्याकडे बघत मान हलवत राहिले. नगराध्यक्षाला शिव्या घालणारा आला की मान. तो उठून नगराध्यक्षाचा मेहुणा खुर्चीत बसला की तीच मान, तेवढीच. कोणा गिऱ्हाइकाने उत्तरेकडून कागदाच्या लगद्याचा लाल बैल आणून दिला होता, टिचकी मारली की मान डोलावणारा. तो काउंटरवर असायचा. आई म्हणायची, "माझ्या घरात दोन बैल. एकाला निदान टिचकी तरी मारावी लागते." बाबा ह्यावरही मान हलवायचे. पण गिऱ्हाइकाची मान मात्र त्यांनी कधी खरी मानली नाही. कापून झालं की ते लहान आरसा मागे धरून विचारायचे, "कसं काय?" आणि प्रत्येक माणूस मान डोलवायचा; न्हाव्याला 'वाईट झालंय' कोण म्हणतो? काही वेळा बाबा आरसा खाली ठेवून पुन्हा कात्री घ्यायचे. मी शाळेत होते, कोपऱ्यात गृहपाठ करत बसायचे. एकदा विचारलं, ते तर हो म्हणाले ना? "मान हो म्हणाली," बाबा म्हणाले. "खांदे नाही म्हणाले." मला त्या माणसाच्या खांद्यांत काहीच दिसलं नव्हतं. पण पुन्हा दोन बोटं केस कमी झाल्यावर तो खरंच हसला.

हॉस्पिटलमधून निघून आम्ही दोघं चालत जाड शेवयांच्या, उडोनच्या खानावळीत गेलो. बाबा रोज बाराच्या ठोक्याला जिथे उभ्याने एक वाडगं खाऊन यायचे, तीच. दुसरीकडे जायचं सुचलंच नाही. मालकीण सोनोए वाडग्यात शेवया टाकता टाकता म्हणाली, "तोकुजी-सान बरे आहेत ना?" आणि आम्ही दोघांनी मान हलवली. तिने आमच्या वाडग्यांत न मागता एकेक जास्तीचा तळलेला तुकडा टाकला. बाहेरच्या बाकावर बसल्यावर कोहेई बराच वेळ नुसता फुंकर घालत राहिला. तो पूल ओलांडून कोबेहून येतो, बसने अडीच तास, ह्या सात आठवड्यांत नऊ वेळा आलाय. त्याचं प्रेम खरं आहे, त्यात मला शंका नाही. तो म्हणाला, "आईला नळी होती. चार वर्षं जगली. बाबा रोज जायचे, तिचे केस विंचरायचे. चार वर्षं, ताई. वाईट होती का ती वर्षं?" मी वाडग्यातल्या शेवया ढवळल्या. "बाबांना जगायचं असेल तर? त्यांनी मान हलवली. पहिल्यांदा विचारलं तेव्हा हलवली. दुसऱ्यांदा तू गोंधळात पाडलंस त्यांना. तुझ्या त्या कंसांपायी आपण त्यांना उपाशी मारायचं का?" त्याने वाडगं बाकावर ठेवलं, रस्सा हिंदकळला. मी म्हटलं, मी अजून काहीच म्हणाले नाहीये. तो म्हणाला, "हो, तू कधीच काही म्हणत नाहीस. लिहून घेतेस."

हे मात्र त्याने अचूक ओळखलं होतं. छत्तीस वर्षांत कोर्टात मी एक शब्द बोलले नाही. खोकलासुद्धा गिळायचे. शपथा झाल्या, रडणं झालं, एकदा एक म्हातारा भोवळ येऊन पडला, मी बसूनच होते, बोटं चालूच होती. मला ते आवडायचं. आपलं असं काही नाही, आपण नुसत्या कळा, ह्याच्यात केवढा आराम आहे ते बाहेरच्यांना कळणार नाही. इगुचीबाई म्हणायच्या की आपल्याला पाप लागत नाही. त्या बाकावर बसून, बोटांत गरम वाडगं धरून मला सेनदा आठवला. आठवला म्हणणं खोटं आहे. तो जातच नाही. उत्तरेकडच्या एका बंदराच्या गावी इगुचीबाईंबरोबर माझीही बदली झाली होती, मी एकोणतीस वर्षांची, तो सव्वीस. जाळी दुरुस्त करणारा. त्याच्यावर मालकाची जाळ्यांची कोठी पेटवल्याचा आरोप होता. आत कोणी झोपलं नव्हतं हे नशीब. हाताचे पंजे मोठे, ते कुठे ठेवायचे हे त्याला कळत नव्हतं. आणि मान. सरकारी वकील लांबलचक प्रश्न विचारायचे, आणि त्याची मान प्रत्येक तुकड्याला हलायची. त्या दिवशी तुम्ही कामावर होता, मान. मालक सगळ्यांसमोर तुम्हाला बोलले, मान. तुम्ही घरी गेला, प्यायलात, मान, मान. आणि तुमच्या मनात आलं की ह्याला धडा शिकवावा, म्हणून तुम्ही परत गेलात आणि काडी लावलीत, हो ना? आणि मान. किंवा आधीच्या मानेचा उरलेला झोका. मी त्याच्याकडे बघत होते. माझी दहा मिनिटं संपायला दीड मिनिट होतं. मी वाट पाहिली की कोणीतरी म्हणेल, तोंडाने सांगा. वकील कागद उलटत होते. बचावाचे वकील चष्मा पुसत होते. न्यायाधीशांनी वर पाहिलं नाही. पुढचा प्रश्न सुरू झाला आणि माझ्या बोटांनी कंस केला.

मी खोटं काही लिहिलं नाही. मान हलली होती, प्रश्न संपल्यावर हलली होती. पण आधीच्या पंधरा-वीस माना मी नियमाप्रमाणे गाळल्या होत्या. संध्याकाळी पट्टी वाचून साफ प्रत काढली तेव्हा कागदावर उरली ती एकच, एकटी, कंसात, अगदी ठाम. मी तिच्याकडे बघत राहिले. इगुचीबाई म्हणाल्या, "बरोबर आहे की. चल, गाडी चुकेल." निकालपत्रात दोन ओळी होत्या, की आरोपीने न्यायालयासमोर स्वतः ही गोष्ट मान्य केली आहे. पाच वर्षं. त्याने काडी लावली होती की नव्हती, मला आजही माहीत नाही. लावली असेलही. मी कुठेच चुकले नाही आणि तरीही चौतीस वर्षं मला असं वाटत आलंय की त्या खोलीत 'हो' कोणी म्हणालं असेल, तर ते मी. माझ्याच बोटांनी त्याला आवाज दिला. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. कोहेईला सांगणार होते, पण तो नाक शिंकरत होता. मग त्याची बसची वेळ झाली.

बुधवारी मी दुपारी गेले. जेवणाच्या गाड्या परत गेल्या होत्या आणि खिडकीतून समुद्राकडचं ऊन बाबांच्या पांघरुणावर आलं होतं. बेटावरची बोट परतताना दिसत होती. त्यांचे केस कानावर वाढले होते, त्यांना स्वतःला ते मुळीच खपलं नसतं. मी खुर्ची डाव्या बाजूला घेतली, चालत्या बाजूला. ओरडायचं नाही असं ठरवून आले होते. "वारा सुटलाय बाहेर," मी म्हटलं. मान. "सोनोए विचारत होती तुम्हाला." मान. "कोहेई शुक्रवारी येतोय." मान, जरा लांब. मला बरं वाटलं. माझं ऐकलं जात होतं. मग मी प्रश्न लहान केला. मला प्रश्न कळतात. आयुष्यभर दुसऱ्यांचे ऐकलेत. मध्ये झोका राहायला जागाच नको, संपला की संपला. "बाबा. नळी बसवायची?" आणि थांबले. मान हलली नाही. मला वाटलं ऐकू गेलं नाही. ते माझ्याकडे बघत होते, दोन्ही डोळ्यांनी, नीट. "नको?" मान हलली नाही. मी त्यांचे खांदे पाहिले. उजवा तर गेलेलाच, डावा पांघरुणाखाली. मला खांदे वाचता येत नाहीत. ती विद्या त्यांची, त्यांनी कोणाला दिली नाही आणि आम्ही कोणी मागितली नाही. भिंतीवरच्या घड्याळात चार मिनिटं झाली. एकसष्ट वर्षं ज्या मानेला कोणी स्थिर पाहिलं नाही ती माझ्यासमोर अशी स्थिर होती की मला भीती वाटली. "मग मी ठरवू?" माझा आवाज लहान मुलीसारखा आला. मान हलली नाही. डोळे माझ्यावरून हलले नाहीत. शेवटी नर्स आली, म्हणाली, "आजोबा, कूस बदलू या हं," आणि बाबांनी तिला लगेच मान डोलावली.

घरी मी दुकानातून आत जाते. मागचं दार आहे, पण पुढूनच जायची सवय. खुर्च्यांवर चादरी आहेत. त्यातल्या खिडकीकडच्या खुर्चीत मी पाच वर्षांपूर्वी बसले होते, आई गेल्यानंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला आले होते तेव्हा. बाबा म्हणाले, मानेवर लव आलीय, काळ्या किमोनोच्या गळ्यातून दिसेल, बस. लहानपणापासून मी चेहरा आणि मान त्यांच्याकडूनच साफ करून घ्यायचे. त्यांनी कोमट फेस लावला, माझं डोकं पुढे वाकवलं. त्यामुळे आरशात ते मला दिसत नव्हते, मला माझी मांडी दिसत होती. वस्तरा कानामागून खाली येत होता. आणि ते अचानक म्हणाले, "तुझ्या आईच्या नळीला मी हो म्हणालो नव्हतो." वस्तरा थांबला नाही. "डॉक्टर समजावत होते. मी ऐकत होतो. ते बोलत गेले, मी ऐकत गेलो. मग त्यांनी कागद पुढे केला, म्हणाले, बरं झालं तुम्ही पटकन समजून घेतलंत. एवढ्या मोठ्या माणसाला मी काय सांगू, की मी नुसता ऐकत होतो?" फेस पुसला, पुन्हा लावला. "चार वर्षं. तिला खायची किती आवड. माझ्याकडे बघायची. रोज बघायची." एवढंच. माझ्या मानेवर पातं होतं. मला मान हलवता येत नव्हती, आणि तोंड उघडलं तर कातडी हलते हे मला चांगलं माहीत होतं. हे मी स्वतःला सांगत आले. पण मग पातं उचललं गेलं, गरम फडकं मानेवर आलं, ते बाजूला झालं, लहान आरसा मागे धरला गेला. तेव्हा तर मला बोलता आलं असतं. बाबांनी विचारलं, कसं काय? मी म्हटलं, छान झालंय. आणि आत जाऊन किमोनो नेसले.

शुक्रवारी डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर मी कोहेईला हे सांगितलं. तो म्हणाला, "मग तेव्हा का नाही बोलले ते? चार वर्षं होती की." मी म्हटलं, कोणी विचारलं नाही. "मी मुलगा आहे त्यांचा. मला का नाही सांगितलं?" मी म्हटलं, तू नळीवर खूष होतास. हे बोलायला नको होतं. त्याचे कान पुन्हा लाल झाले. मग त्याने मान वर करून विचारलं, "आणि तुला सांगितलं तेव्हा तू काय म्हणालीस?" कॉरिडॉरमधून चाकाच्या खुर्चीतून कोणाला तरी नेत होते, ते जाईपर्यंत आम्ही पाय आत घेतले. "काही नाही," मी म्हटलं. "काहीच म्हणाले नाही मी." कोहेई म्हणाला, "वा." नंतर वेगळ्याच आवाजात तो म्हणाला, "मग आज तरी बोल. माझ्यावर टाकू नकोस आणि बाबांवरही टाकू नकोस. मला नळी हवीय. मी तोंडाने सांगतोय, मला ते जिवंत हवेत, कसेही. आता तुझं तू सांग."

डॉक्टर कुवाबारांनी आम्हाला बसायला सांगितलं, अर्ज आमच्याकडे तोंड करून ठेवला. "काय म्हणाले आजोबा?" मी म्हटलं, मी दोन्ही बाजूंनी विचारलं, ते स्थिर राहिले, उत्तर दिलं नाही. "अच्छा, अच्छा," डॉक्टर मान हलवत म्हणाले. "मग तो रकाना..." मी म्हटलं, "नळी बसवू नका." माझा आवाज गरजेपेक्षा मोठा होता. बाहेरच्या नर्सने आत डोकावलं असावं. "हे ते म्हणाले नाहीत. हे मी म्हणतेय. त्यांच्या पहिल्या पत्नीला..." मी काहीतरी भलतंच बोलले, पहिली पत्नी कुठली, आई एकच. कोहेईने माझ्याकडे पाहिलं. "माझ्या आईला नळी होती आणि बाबांनी ती चार वर्षं बघितली. मला त्यांना तसं ठेवायचं नाही. त्यांना काय हवंय ते मला माहीत नाही." डॉक्टरांनी पेन फिरवलं. मोठ्या मायेने ते म्हणाले, "मिसाओ-सान, अशा वेळी आम्ही 'रुग्णाची इच्छा अशी असावी असा कुटुंबाचा अंदाज' असं लिहितो. बहुतेक घरं तसंच करतात. नंतर त्रास होत नाही." ती पळवाट उघडी होती, अगदी रुंद. तिच्यातून मी आरामात बाहेर पडले असते, नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. "अंदाज नको," मी म्हटलं. "रुग्णाने उत्तर दिलं नाही, असं लिहा. निर्णय मुलीचा, असं लिहा. मुलाला मान्य नाही, हेही लिहा." ते लिहीत असताना मी त्यांच्या हाताकडे बघत होते. अक्षर वाईट होतं. मग मी सही केली, माझ्या नावाचा शिक्का मारला. कोहेई उठून खिडकीपाशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. पण त्या दिवशीची बस त्याने चुकवली, आणि मग शेवटपर्यंत तो गेलाच नाही. आईबाबांच्या खोलीत झोपायचा, सकाळी माझ्यासाठीही चहा करून ठेवायचा.

त्याच दुपारी मी बाबांना सांगितलं. डावीकडे बसून, न ओरडता. "बाबा, नळी नको असं मी सांगून आलेय. मी सांगितलंय. तुमच्या नावावर घातलेलं नाही." ते माझ्याकडे बघत होते. मान हलली नाही. मी म्हटलं, "मला बोलायला उशीर झाला." मान हलली नाही. मी पुष्कळ बोलले त्या दिवशी, कधी नाही एवढी, सेनदाचंसुद्धा सांगितलं, तो मोठ्या पंज्यांचा मुलगा, तो कंस. कोणाला पहिल्यांदाच सांगत होते. ते ऐकत होते, ह्याची मला खात्री आहे, डोळ्यांवरून कळतं. पण मान उशीवर तशीच.

बाबा त्यानंतर एकोणीस दिवस जगले. त्या एकोणीस दिवसांत त्यांनी नर्सला मान डोलावली, डॉक्टरांना डोलावली, ओठ ओले करणाऱ्या मुलीला, बाजारपेठेतून भेटायला आलेल्या चपलांच्या दुकानदाराला, कोहेईला तर दिवसातून शंभरदा. तो त्यांना बेसबॉलचे निकाल वाचून दाखवायचा आणि ते प्रत्येक धावेला मान हलवायचे. शेवटच्या आठवड्यात नुसती हनुवटी हलायची, पण हलायची. मी समोर आले की थांबायची. राग होता की विश्वास होता, की माझ्यापुरतं तरी त्यांनी ठरवलं होतं की आता ऐकल्यासारखं करायचं नाही, मला कळलं नाही, आणि मी ते ठरवणारही नाही. मी रोज सकाळी खुर्ची डावीकडे ओढायचे आणि हवेबद्दल बोलायचे. आज ऊन आहे, बाबा. आज बोटी बंद आहेत. आज सोनोएने तुमच्यासाठी रस्सा दिलाय, नुसता वास घ्या. प्रत्येक वाक्य संपलं की मी त्यांच्या हनुवटीकडे बघत थांबायचे. मला हो नको होतं, माफीसुद्धा नको होती. जी मान मी छत्तीस वर्षं कागदावरून गाळत आले, काही नाही म्हणून, तेवढीच मला हवी होती, एकदा, आणि ती त्यांनी मला दिली नाही.